७,१४९ पैकी २२ : स्नायूची बायोप्सी कोणाची, कधी आणि कुठे

ट्रीट-एनएमडी या आंतरराष्ट्रीय जाळ्याने २०१५ मध्ये डिस्ट्रोफिन जनुकातल्या ७,१४९ दोषांचा तक्ता प्रसिद्ध केला. त्यातले ५,६८२ दोष, म्हणजे ७९.५ टक्के, मोठे होते. जनुकाचे एक वा अधिक भाग गळालेले असे ४,८९४ आणि दुबार झालेले ७८४. उरलेले चार इतर. १,४४५ दोष, म्हणजे २०.२ टक्के, लहान होते : एखादे अक्षर बदललेले, काही अक्षरे गळालेली किंवा घुसलेली. राहिले २२. टक्केवारीत ०.३.

पहिला गट रक्ताच्या एमएलपीए चाचणीत सापडतो. ही चाचणी जनुकाचे ७९ही एक्सॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेले भाग, मोजते. दुसरा गट रक्तातल्याच डीएनएचे वाचन केल्यावर सापडतो. तिसऱ्या गटातला दोष दोन एक्सॉनांमधल्या लांब पट्ट्यात दडलेला असतो आणि नेहमीचे वाचन त्या पट्ट्यात जात नाही. तो शोधायचा तर रुग्णाच्या स्नायूचा तुकडा काढून त्यातला आरएनए पाहणे हा खात्रीचा मार्ग. म्हणजे या तक्त्यातल्या ७,१२७ दोषांसाठी कात्री लावण्याची गरज नव्हती.

या आकड्याला एक मर्यादा आहे. ही नोंदवही दोष सापडलेल्यांची आहे. ज्यांचा दोष सापडलाच नाही, ते त्यात नाहीत. म्हणून ०.३ टक्के हा किमान आकडा समजावा.

आता हे गणित एका जिल्ह्यात मांडू. २०११ च्या जनगणनेत झाशी जिल्ह्याची लोकसंख्या १९,९८,६०३ होती आणि उत्तर प्रदेशाची १९,९८,१२,३४१. झाशी म्हणजे राज्याचा बरोबर एक टक्का. त्यामुळे जिल्ह्याच्या आकड्याला शंभराने गुणले की राज्याचा अंदाज मिळतो. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये उत्तर प्रदेशाचा जन्मदर हजारी २५.१ होता, महाराष्ट्राचा १५.०. २५.१ हा दर २०११ च्या लोकसंख्येला लावला तर झाशी जिल्ह्यात वर्षाला सुमारे ५०,००० जन्म होतात, त्यात मुलगे सुमारे २६,०००. लोकसंख्या त्यानंतर वाढली आहे, तेव्हा पुढचे सगळे अंदाज कमीच धरावेत.

डिस्ट्रोफिन जनुकातल्या दोषाने होणारी ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी, ३,५०० ते ५,००० मुलग्यांत एकाला होते. झाशीसाठी हा आकडा वर्षाला ५ ते ७ मुलगे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, हा मेरुरज्जूतल्या चेतापेशींचा आनुवंशिक विकार. जगभरचे प्रमाण १०,००० जन्मांत एक धरले तर झाशीत वर्षाला ५ बाळे. पण लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेत डॉ. शुभा फडके यांच्या गटाने उत्तर भारतीयांची तपासणी केली तेव्हा ३८ जणांत एक वाहक आढळला. ३८ गुणिले ३८ गुणिले ४ म्हणजे ५,७७६ जन्मांत एक बाळ. या हिशेबाने झाशीतला आकडा ५ वरून जवळजवळ ९ वर जातो आणि राज्याचा ५०० वरून सुमारे ८७० वर. शिवाय हा गुणाकार जोडीदार कोणत्याही जातीतून निवडला जातो असे गृहीत धरतो. झाशीच्या बुंदेलखंडात काय किंवा विदर्भात काय, लग्ने तशी ठरत नाहीत.

तिसरा विकार शार्को-मरी-टूथ. हातापायांच्या मज्जातंतूंचा हा आनुवंशिक आजार पश्चिम नॉर्वेतल्या १९७४ च्या पाहणीत सुमारे २,५०० माणसांत एकाला आढळला होता. तेच प्रमाण इथे लावले तर झाशीत ८०० रुग्ण असायला हवेत. हा आजार आयुष्य सहसा कमी करत नाही. म्हणूनच रुग्णांची संख्या मोठी आणि निदान झालेले थोडे.

दवाखान्यात तिघांची तक्रार बऱ्याचदा एकच असते : मूल पडते, जिना चढताना कठड्याला धरते, इतर मुलांच्या मागे राहते. दोष स्नायूत आहे की स्नायूला चालवणाऱ्या मज्जातंतूत, हा पहिला प्रश्न. बायोप्सीची ख्याती याच प्रश्नावर उभी राहिली. डीएमडीला ज्यांचे नाव आहे त्या ड्यूशेन यांनी १८६० च्या दशकात जिवंत रुग्णाच्या स्नायूतून तुकडा काढण्यासाठी स्वतःची सुई बनवली होती.

निरोगी स्नायूत दोन प्रकारचे तंतू एकमेकांत विखुरलेले असतात. तंतूचा प्रकार त्याला जोडलेला मज्जातंतू ठरवतो. मज्जातंतू मेला की शेजारचा मज्जातंतू त्या पोरक्या तंतूंना आपल्याकडे घेतो आणि त्यांचा प्रकार बदलतो. मग एकाच प्रकारच्या तंतूंचे थवे दिसू लागतात, आणि ज्यांना कोणी घेतले नाही ते गटागटाने आकसतात. हे चित्र दिसले की दोष मज्जातंतूत आहे असा निष्कर्ष निघतो. तंतू मरताना आणि नव्याने तयार होताना दिसले, मध्ये चरबी आणि जोडऊतक वाढलेले दिसले, तर दोष स्नायूत.

पण चित्र इथवरच सांगते. मज्जातंतू आणि स्नायू यांच्या आनुवंशिक विकारांना कारण ठरणारी ६०० हून अधिक जनुके आज माहीत आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे नमुने मोजायला दोन हातांच्या बोटांपेक्षा फारशी जास्त बोटे लागत नाहीत. शार्को-मरी-टूथची एकट्याची जनुके शंभरावर आहेत आणि स्नायूच्या तुकड्यात ती सगळी जवळपास सारखीच दिसतात. उलट पहिल्या प्रकारच्या शार्को-मरी-टूथमध्ये सुमारे ७० टक्के रुग्णांचा दोष एकच आहे : सतराव्या गुणसूत्रावरचा पीएमपी-२२ जनुकाचा पट्टा दुबार झालेला. रक्ताची एक चाचणी ७० टक्क्यांचे उत्तर देते.

एसएमएमध्ये हे प्रमाण ९५ टक्के आहे. एसएमएन-१ जनुक १९९५ मध्ये सापडले आणि ९५ टक्के रुग्णांत त्याच्या दोन्ही प्रतींतला सातवा एक्सॉन गळालेला असतो असे स्पष्ट झाले. तेव्हापासून संशयित एसएमएसाठी स्नायू कापणे अनावश्यक आहे. ते दिशाभूलही करू शकते. १९५६ मध्ये कुगेलबर्ग आणि वेलांडर यांनी उशिरा सुरू होणाऱ्या प्रकाराचे वर्णन केले, तेव्हा हा आजार मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे सोंग घेतो असे लेखाच्या शीर्षकातच नोंदवले होते. अशा रुग्णाच्या पोटऱ्या कधी फुगलेल्या असतात, रक्तातला सीपीके, म्हणजे स्नायूतून झिरपणाऱ्या एन्झाइमचा आकडा, काही पट वाढलेला असतो आणि जुन्या आजारात स्नायूचा तुकडाही डिस्ट्रॉफीसारखा दिसू शकतो. चेतापेशींच्या आजाराला स्नायूचा आजार ठरवणारा अहवाल अशाच तुकड्यातून निघतो.

आता अंतराकडे येऊ. झाशीच्या बाबतीत निर्णायक आकडा हाच आहे.

बायोप्सीसाठी मांडीतून किंवा दंडातून साधारण एक सेंटिमीटर लांबीचा तुकडा काढतात. तो द्रव नायट्रोजनने उणे १६० अंशांपर्यंत थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये बुडवून क्षणात गोठवावा लागतो. द्रव नायट्रोजन स्वतः उणे १९६ अंशांचा, पण तुकडा थेट त्यात टाकला तर भोवती वाफेचे आवरण तयार होते, गोठणे मंदावते आणि तंतूंत बर्फाचे स्फटिक भोके पाडतात. उणे २० अंशांच्या साध्या फ्रीजरमध्येही तेच होते. ही सोय नसेल तर सलाइनने ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळून, बर्फावर ठेवून, काही तासांत प्रयोगशाळेत पोचवणे हा दुसरा मार्ग.

तिसरा मार्ग सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट : फॉर्मेलिनची बाटली. इतर अवयवांच्या तुकड्यांसाठी ती योग्य असते, म्हणून शस्त्रक्रियागृहात हाताशी असते. स्नायूचा तुकडा तिच्यात पडला की एन्झाइमांवर आधारलेल्या रंगपरीक्षा संपतात, प्रथिनाचे प्रमाण मोजणारा वेस्टर्न ब्लॉट संपतो, डिस्ट्रोफिनच्या प्रतिपिंड चाचणीचा भरवसा जातो आणि आरएनए कामाचा राहत नाही. अहवालात ‘डिस्ट्रॉफीशी सुसंगत बदल’ एवढे येते. मुलाच्या मांडीवर टाके पडतात, घरचे पैसे जातात आणि तपासापूर्वी जे माहीत होते तेवढेच नंतरही माहीत असते. टाळता येण्याजोगे हे सगळ्यात मोठे नुकसान आहे असे माझे मत आहे.

केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात सुरुवातीला आठ उत्कृष्टता केंद्रे नेमली गेली. उत्तर प्रदेशाच्या वाट्याला एक आले, लखनौची संजय गांधी संस्था. महाराष्ट्रालाही एकच, मुंबईचे केईएम. झाशी ते लखनौ रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे सुमारे पाच तास. सकाळी काढलेला तुकडा सगळे सुरळीत झाले तर मुदतीच्या काठावर पोचतो. ईडीटीए नळीतले दोन-तीन मिलिलिटर रक्त मात्र डीएनएसाठी काही दिवस चालते. ते झाशीहून लखनौला, दिल्लीला किंवा मुंबईला साध्या कुरिअरने जाऊ शकते. झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात १९६८ पासून डॉक्टर घडत आहेत. रक्ताची नळी भरायला त्याहून मोठी यंत्रणा लागत नाही.

द्रव नायट्रोजन दुर्मीळ आहे म्हणून हे अडते असेही नाही. जिल्ह्याजिल्ह्यात पशुसंवर्धन विभाग कृत्रिम रेतनासाठी वळूच्या वीर्यकांड्या याच उणे १९६ अंशांत साठवतो. लागतो तो तुकडा गोठवायला शिकलेला तंत्रज्ञ, उणे ८० अंशांचा साठा, डझनभर प्रतिपिंडे आणि वर्षाला पुरेशा बायोप्सी वाचून तयार झालेली नजर.

‘पुरेशा’ याचे गणित असे. झाशीत वर्षाला डीएमडीचे ५ मुलगे धरले तर एमएलपीए चौघांचे उत्तर देते आणि जनुकवाचन पाचव्याचे. ७,१४९ मधल्या २२ च्या प्रमाणाने, ज्याचा दोष फक्त स्नायूतूनच सापडेल असा मुलगा झाशीत ६० वर्षांत एखादा जन्मेल. राज्यात वर्षाला एक किंवा दोन. इतर कारणांसाठी लागणाऱ्या बायोप्सी मिळवल्या तरी जिल्ह्याचा आकडा लहानच राहतो. म्हणून रक्त गोळा करण्याची सोय प्रत्येक जिल्ह्यात हवी, आणि बायोप्सीची प्रयोगशाळा राज्यात एक-दोनच पण पक्की हवी. अशा बायोप्सीसाठी प्रवास तुकड्याने करू नये, रुग्णाने करावा. तुकड्याला तासांची मुदत असते. रुग्ण रात्रीच्या गाडीने जाऊ शकतो, भाड्याची सोय सरकारने केली तर.

ती इतर कारणे मोजकी आहेत, पण महत्त्वाची.

पहिले कारण वाचनचौकटीचे. जनुकाचा भाग गळाल्यावर उरलेली अक्षरे तीन-तीनच्या गटात नीट वाचता आली तर आजार सहसा सौम्य, म्हणजे बेकर. चौकट मोडली तर तीव्र, म्हणजे ड्यूशेन. हा नियम सुमारे ९१ टक्के रुग्णांत खरा ठरतो. उरलेल्या ९ टक्क्यांत रक्ताचा अहवाल एक सांगतो आणि मुलाचे शरीर दुसरे. तिथे स्नायूतले डिस्ट्रोफिन मोजावे लागते. सामान्याच्या ५ टक्क्यांपर्यंत असेल तर ड्यूशेन, २० टक्क्यांच्या वर असेल तर बेकर, मधले रुग्ण मधल्या तीव्रतेचे. मूल बाराव्या वर्षी चाकांच्या खुर्चीवर असेल की तिशीत चालत असेल, याचा अंदाज या टक्क्यांवर बांधला जातो.

दुसरे कारण नव्या तंत्रानेच निर्माण केले. एक्सोम वाचनात जनुकसंचाचा एक ते दोन टक्के भाग वाचला जातो. त्यात असे बदल सापडतात, ज्यांचा अर्थ कोणालाच निश्चित सांगता येत नाही. अहवालात ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ असे छापून येते आणि कुटुंब तो कागद घेऊन एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, डीएनए वाचूनही निदान न झालेल्या ५० रुग्णांच्या स्नायूतला आरएनए तपासला गेला. ३५ टक्क्यांचे निदान झाले. जनुकवाचनाने बायोप्सी मागे टाकली आणि जिथे ते थांबले तिथे बायोप्सी पुन्हा लागली. मात्र ही बायोप्सी गोठवलेल्या तुकड्याचीच; फॉर्मेलिनमधल्या तुकड्याला हा दरवाजा बंद.

तिसरे उदाहरण उलट दिशेचे, आणि मुंबईचे. अगरवाल समाजातल्या कंबर-खांद्याच्या डिस्ट्रॉफीच्या रुग्णांचा डॉ. सतीश खाडिलकर, डॉ. रश्ना दस्तूर आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. कॅल्पेन-३ जनुकातले दोन ठरावीक बदल त्यांत पुन्हा पुन्हा सापडले. ते सामाईक पूर्वजांकडून आलेले आहेत असे २०१३ च्या त्यांच्या लेखात मांडले गेले. याचा व्यवहारातला अर्थ : या समाजातला तरुण कंबरेच्या अशक्तपणाची तक्रार घेऊन आला, तर ६०० जनुकांच्या आधी दोन अक्षरे तपासावीत. हे काम मुंबईत झाले, तरी झाशीच्या बाजारपेठेतल्या अगरवाल कुटुंबांनाही ते लागू पडते. गुणसूत्रे राज्याची हद्द मानत नाहीत.

बायोप्सीचा आणखी एक उपयोग आता निदानाबाहेरचा आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये मंजूर झालेल्या एटेप्लिर्सेन या डीएमडीवरच्या औषधाचा परिणाम मुलांचे स्नायू कापूनच मोजला गेला. १२ रुग्णांत ४८ आठवड्यांनंतर डिस्ट्रोफिन सामान्याच्या ०.१६ टक्क्यांवरून ०.४४ टक्क्यांवर गेले. पटीत मोजले तर ही वाढ पावणेतीन पट, आणि तरीही अर्ध्या टक्क्याच्या आत. या औषधाची जाहिरात वाचणाऱ्या पालकांनी दोन्ही आकडे एकत्र वाचावेत.

औषधांचा खर्च हे रक्तचाचणी आधी करण्याचे सगळ्यात ठोस कारण. एसएमएची औषधे एसएमएन-१ मधला दोष सिद्ध झाल्यावरच दिली जातात. बायोप्सीचा अहवाल त्यासाठी चालत नाही. दुर्मीळ आजार धोरणात २०२१ मध्ये मदतीची मर्यादा २० लाख होती, तीही एकदाच्या उपचाराने बऱ्या होणाऱ्या गटासाठी. मे २०२२ मध्ये ती ५० लाख झाली आणि सगळ्या गटांना लागू झाली. एसएमएवरचे रिस्डिप्लाम हे तोंडाने घ्यायचे औषध तेव्हा सुमारे ६ लाख रुपयांना एक बाटली असे मिळे. वीस किलोंवरच्या रुग्णाला रोज ५ मिलिग्रॅम लागते आणि बाटलीत ६० मिलिग्रॅम असते. म्हणजे बाटली १२ दिवसांची, वर्षाला ३० बाटल्या, छापील किमतीने १ कोटी ८० लाख. ५० लाखांत सुमारे १०० दिवस निघत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयीन लढाईनंतर नॅटको कंपनीने याच औषधाची जेनेरिक बाटली १५,९०० रुपयांना बाजारात आणली. किमतीत घट ९७ टक्के. वर्षाचा खर्च ४ लाख ८० हजारांच्या आसपास, आणि त्याच ५० लाखांत १०० दिवसांऐवजी दहा वर्षे. दहा किलोंच्या दोन वर्षांच्या मुलाला निम्मीच मात्रा लागते, म्हणून वर्षाला सुमारे २ लाख ४० हजार. झाशीतल्या शेतकरी किंवा रेल्वे कामगाराच्या कुटुंबाला ही रक्कमही भारी आहे, पण राज्याच्या अंदाजपत्रकाला नाही. उपचार आवाक्याबाहेर होता तोवर निदानाला उशीर झाला तर फरक काय, असे काही डॉक्टर म्हणत. २०२५ नंतर ते म्हणता येत नाही.

उशिराचा फरक मोजलेला आहे. लक्षणे दिसण्यापूर्वीच नुसिनर्सेन या एसएमएवरच्या औषधाने उपचार सुरू केलेल्या २५ बाळांच्या चाचणीत सगळी २५ जगली आणि २३ स्वतःच्या पायांनी चालू लागली. उपचाराविना तीव्र प्रकारातली बहुतेक बाळे कधी बसतही नाहीत आणि दोन वर्षांच्या आत जातात किंवा श्वासयंत्रावर असतात. मेलेल्या चेतापेशी औषधाने परत येत नाहीत. म्हणून बायोप्सीची तारीख, तुकड्याचा प्रवास आणि अहवालाची वाट यांत गेलेला प्रत्येक महिना बाळाच्या खात्यातून वजा होतो.

डीएमडीतही उशीर होतो. अमेरिकेतल्या एका पाहणीत पहिली लक्षणे सरासरी अडीच वर्षांच्या वयात दिसली आणि निश्चित निदान ४.९ व्या वर्षी झाले. या उशिराचे एक कारण आपल्याकडेही रोज घडते. मुलाला ताप येतो, रक्त तपासतात, एसजीपीटी आणि एसजीओटी वाढलेले दिसतात आणि यकृताचा शोध सुरू होतो. ही एन्झाइमे स्नायूतही असतात. गॅमा-जीटी सामान्य असेल तर सीपीके करावा. सामान्य मर्यादा २०० च्या आसपास. डीएमडीच्या मुलात तो दहा ते शंभर पट असतो. ही चाचणी साध्या लॅबमध्ये होते. हा एक आकडा हाती नसल्यामुळे काही मुलांच्या यकृताची बायोप्सी झालेली आहे.

उशिराच्या काळात घरात बहुधा दुसरे मूल येते. डीएमडीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांत दोष नव्याने उद्भवलेला असतो. उरलेल्या दोन तृतीयांशांत आई वाहक असते आणि तिच्या प्रत्येक पुढच्या मुलग्याला निम्मी शक्यता. गर्भजल तपासणीच्या आधीच, अकराव्या ते तेराव्या आठवड्यात, वारेच्या भागाचा नमुना घेता येतो. पण प्रयोगशाळेला काय शोधायचे ते आधी माहीत असावे लागते. ‘स्नायूत डिस्ट्रोफिन नाही’ एवढ्या अहवालावर गर्भाच्या डीएनएत काही शोधता येत नाही. ‘४५ ते ५० एक्सॉन गळालेले’ या अहवालावर काही दिवसांत उत्तर मिळते. आणि जिचा मुलगा त्या २२ पैकी आहे, तिच्यासाठी पहिल्या मुलाचा नीट गोठवलेला तुकडा हाच एक आधार : त्याच्या आरएनएतून दोषाची जागा कळते, ती जागा मग आईच्या रक्तात तपासता येते, आणि तेराव्या आठवड्याच्या आत गर्भातही.